पाश्चात्य तत्त्वज्ञानाची तोंडओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्य तत्त्वज्ञानाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकांना, मग ते पदवीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी असोत, स्पर्धा परीक्षेसाठी हा विषय घेणारे असोत किंवा निवृत्तीनंतर हौसेने वाचणारे असोत, जे प्रश्न हटकून पडतात ते येथे घेतले आहेत. क्रम ढोबळमानाने काळाप्रमाणे लावला आहे. तरी कोणताही प्रश्न सुटा वाचला तर अडणार नाही.

तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्मच का?

दोन्हींचे काही विषय समान आहेत, उदाहरणार्थ आत्मा, ईश्वर, मृत्यू. परंतु त्यांच्याकडे जाण्याची रीत निराळी आहे. पाश्चात्य तत्त्वज्ञानात एखादे मत कोणी मांडले, ते किती प्राचीन आहे किंवा त्याने मनाला किती शांती लाभते, यापेक्षा ते कोणत्या कारणांवर उभे आहे आणि ती कारणे त्याचा भार पेलतात का, हे आधी तपासले जाते. म्हणून तर्कशास्त्राची थोडी तयारी सुरुवातीलाच करून घ्यावी लागते. ‘सर्व मासे झाडावर राहतात, बांगडा हा मासा आहे, म्हणून बांगडा झाडावर राहतो’ हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या वैध आहे, कारण पहिली दोन विधाने खरी मानली तर तिसरे नाकारता येत नाही, तो स्वीकारार्ह मात्र नाही, कारण त्याचे पहिलेच आधारविधान खोटे आहे. वैधता आणि सत्यता यांतला हा फरक अंगवळणी पडला की पुढचा बराचसा अभ्यास सोपा जातो. तो गाळला तर वाचक शेवटपर्यंत ‘मला हे पटले नाही’ एवढ्यावरच अडकून राहतो, आणि नेमके कोणते विधान पटले नाही हे त्याला सांगता येत नाही.

ज्ञान कशाला म्हणावे हे विचारणारी ज्ञानमीमांसा, मुळात काय अस्तित्वात आहे हे विचारणारी सत्तामीमांसा, कसे वागावे हे विचारणारी नीतिमीमांसा आणि युक्तिवादांची पारख करणारे तर्कशास्त्र या शाखा पाठ्यपुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. प्रत्यक्षात एकीतला प्रश्न दुसरीत शिरल्याशिवाय राहत नाही, त्यामुळे ही विभागणी फार मनावर घेऊ नये.

प्रत्येक पुस्तक थेलीसपासूनच का सुरू होते? ‘सर्व काही पाणी आहे’ या मतात एवढे काय आहे?

उत्तर म्हणून त्यात फारसे काही नाही. थेलीस हा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील मिलेटस या ग्रीक नगरात होऊन गेला. इ. स. पू. ५८५ चे सूर्यग्रहण त्याने आधीच वर्तवले होते, असे हेरोडोटसच्या वृत्तांतावरून सांगितले जाते, पण त्याविषयी इतिहासकार साशंक आहेत. महत्त्वाचे आहे ते त्याच्यानंतर घडले ते. त्याच नगरातल्या ॲनॅक्सिमँडरने मूलद्रव्य पाणी नसून काहीतरी अनिश्चित, अमर्याद असले पाहिजे असे सांगितले, आणि त्याच्या पुढच्या ॲनॅक्सिमेनीसने ते वायू आहे असे म्हटले. आधीच्याचे मत खोडून, कारण देऊन, नवे मत मांडायचे आणि तेही पुढच्याने खोडावे याला हरकत घ्यायची नाही, ही रीत तेथे दिसते. देवांच्या कथांनी जगाची उत्पत्ती सांगण्याऐवजी जगातल्याच एखाद्या गोष्टीने ती सांगण्याचा आग्रहही तेथे दिसतो. या दोन गोष्टींसाठी थेलीसला पहिले पान मिळते.

सॉक्रेटिसने एक ओळही लिहिली नाही. मग त्याचे स्थान एवढे मोठे कसे?

त्याच्याविषयी आपल्याला जे माहीत आहे ते मुख्यतः प्लेटो आणि झेनोफोन यांच्या लेखनातून, आणि थोडे ॲरिस्टोफेनिसच्या टवाळखोर नाटकातून. त्यामुळे खरा सॉक्रेटिस कोठे संपतो आणि प्लेटोचे पात्र कोठे सुरू होते हा वाद संपलेला नाही. इ. स. पू. ३९९ मध्ये, वयाच्या सत्तरीत, नगराचे देव न मानणे आणि तरुणांना बिघडवणे या आरोपांखाली अथेन्समध्ये त्याच्यावर खटला चालला आणि त्याला विषप्राशनाची शिक्षा झाली, एवढे मात्र पक्के आहे.

त्याची पद्धत समजून घ्यायची तर ‘युथिफ्रो’ हा छोटा संवाद पाहावा. स्वतःच्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला निघालेला युथिफ्रो आपण पुण्यकृत्य करत असल्याच्या तोऱ्यात आहे. सॉक्रेटिस त्याला विचारतो की पुण्य म्हणजे काय. देवांना जे प्रिय ते पुण्य, असे उत्तर येते. त्यावर सॉक्रेटिसचा प्रश्न असा : एखादी गोष्ट देवांना प्रिय आहे म्हणून ती पुण्य ठरते, की ती मुळात पुण्य आहे म्हणून देवांना प्रिय होते? पहिला पर्याय घेतला तर उद्या देवांना क्रौर्य आवडू लागल्यास क्रौर्य पुण्य ठरेल. दुसरा घेतला तर पुण्याची कसोटी देवांच्या आवडीपलीकडे कोठेतरी आहे हे मान्य करावे लागेल. संवादाच्या अखेरीस युथिफ्रो कामाची सबब सांगून काढता पाय घेतो. ‘देवाची आज्ञा’ या जागी ‘समाजाची चालीरीत’ किंवा ‘कायदा’ घालून हाच प्रश्न विचारून पाहिला तर त्याची धार अजून गेलेली नाही हे लक्षात येते.

एखादी गोष्ट खरी आहे असे मला वाटते आणि ती खरीच निघते. मग मला तिचे ज्ञान आहे असे का म्हणू नये?

हा प्रश्न प्लेटोने ज्या ठिकाणी मांडला ते ठिकाण सविस्तर पाहण्यासारखे आहे. ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस मेनोच्या घरच्या एका गुलाम मुलाला बोलावतो. मुलाला ग्रीक येते, भूमिती कोणी शिकवलेली नाही. सॉक्रेटिस दोन फूट बाजूचा, म्हणजे चार चौरस फुटांचा चौरस आखतो आणि याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती असेल असे विचारतो. मुलगा तत्काळ सांगतो : चार फूट. आखून पाहिल्यावर क्षेत्रफळ सोळा येते. मग तो तीन फूट म्हणतो. ते नऊ येते. हवे आहेत आठ. आता मुलगा आपल्याला माहीत नसल्याचे कबूल करतो, आणि सॉक्रेटिसच्या मते त्याची पहिली प्रगती येथेच झालेली असते. नंतर मूळ चौरसाचा कर्ण आखला जातो, आणि त्या कर्णावर उभा केलेला चौरस बरोबर आठ चौरस फुटांचा आहे हे मुलगा स्वतः मोजून मान्य करतो.

सॉक्रेटिसने प्रश्नांतूनच उत्तर सुचवले, हा आक्षेप वाजवी आहे, आणि आत्म्याला हे पूर्वजन्मीचे स्मरण होते हा त्याचा निष्कर्ष आज फार थोडे जण स्वीकारतील. परंतु त्यानंतर तो जे म्हणतो ते टिकाऊ ठरले आहे. मुलाकडे या क्षणी फक्त खरे मत आहे. त्याला हेच प्रश्न पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या तऱ्हांनी विचारले तर त्याचे ज्ञान होईल. लारिसा या गावाची वाट ज्याला माहीत आहे तो आणि ज्याने ती अंदाजाने बरोबर ओळखली तो, दोघेही गावाला पोहोचतातच. पण अंदाजाने ओळखणारा पहिल्या शंकेसरशी वाट सोडू शकतो. खरे मत कारणाच्या दोरीने बांधून ठेवले की त्याचे ज्ञान होते, असे सॉक्रेटिस सुचवतो.

विश्वास असणे, तो खरा असणे आणि त्याला पुरेसे समर्थन असणे या तीन अटी मिळून ज्ञान होते, ही पाठ्यपुस्तकांतली व्याख्या येथून आलेली आहे. गंमत अशी की ‘थिएटेटस’ या नंतरच्या संवादात प्लेटोने स्वतःच तिच्याजवळची व्याख्या तपासून फेटाळली होती. तरीही ती सर्वसाधारणपणे पुरेशी मानली जात असे. १९६३ मध्ये एडमंड गेटिअर या अमेरिकी प्राध्यापकाने जेमतेम तीन पानांचा लेख लिहून तिला सुरुंग लावला. त्याचे एक उदाहरण असे. स्मिथ आणि जोन्स यांनी एकाच नोकरीसाठी अर्ज केला आहे. नोकरी जोन्सलाच मिळणार असे स्मिथला खुद्द कंपनीच्या प्रमुखाकडून कळले आहे, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे त्याने मोजून पाहिले आहे. ‘ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत’ असा निष्कर्ष तो काढतो. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि योगायोगाने त्याच्याही खिशात दहा नाणी असतात. त्याचा विश्वास खरा होता, त्याला समर्थन होते. तरी त्याला ते ‘माहीत होते’ असे म्हणायला जीभ धजत नाही. चौथी अट कोणती घालावी यावर तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले, आणि सर्वमान्य अट अजून सापडलेली नाही.

हे जग स्वप्न असेल अशी शंका देकार्तला खरोखरच होती का?

नव्हती. १६४१ मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सहा चिंतनांपैकी पहिल्यात जो संशय येतो तो मुद्दाम, एका कामासाठी घेतलेला आहे. विज्ञानाला पक्का पाया हवा असेल तर ज्यावर तिळमात्रही शंका घेता येते ते सारे तात्पुरते बाजूला ठेवावे आणि उरते काय ते पाहावे, असा तो बेत होता. इंद्रिये कधीकधी फसवतात; पण आपण शेगडीजवळ बसलो आहोत, हातात कागद आहे, याविषयी ती कशी फसवतील? तर स्वप्नातही असेच वाटते. स्वप्नातही दोन अधिक तीन पाच होतातच. पण एखादा सर्वशक्तिमान कपटी जीव त्यातही आपल्याला फसवत असेल तर? प्रत्येक पायरीवर आधीच्यापेक्षा अधिक काही हातचे जाते, आणि दुसऱ्या चिंतनात सापडते ते एवढेच की मी फसवला जात असलो तरी फसवला जाणारा मी असलाच पाहिजे.

‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे प्रसिद्ध वाक्य या पुस्तकात त्या रूपात नाही. ते १६३७ च्या फ्रेंच ग्रंथात आणि पुन्हा १६४४ च्या ग्रंथात आहे. परीक्षेत ही चूक सर्रास होते. देकार्तला वाचताना खरी अडचण मात्र तिसऱ्या चिंतनापासून सुरू होते. स्पष्ट आणि सुव्यक्त कल्पना खऱ्या असतात याची हमी तो ईश्वरावरून देतो, आणि ईश्वराचे अस्तित्व मात्र अशाच स्पष्ट कल्पनांवरून सिद्ध करतो. हे चक्र झाले, असा आक्षेप आंत्वान आर्नो याने घेतला, आणि तो देकार्तच्या उत्तरासह त्याच पुस्तकात छापला गेला. आक्षेपांसकट पुस्तक काढण्याची ही पद्धत आजच्या लेखकांनीही उचलायला हरकत नाही.

मन आणि शरीर वेगळे आहेत असे मानले तर बिघडते कुठे?

कुठे बिघडते हे नेमके दाखवले ते बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि राज्य गमावलेल्या आपल्या कुटुंबासह हेगमध्ये राहत होती. देकार्तच्या मते शरीर जागा व्यापते आणि विचार करत नाही. मन विचार करते आणि जागा व्यापत नाही. मे १६४३ मध्ये तिने त्याला पत्र लिहून विचारले की एखादी वस्तू हलते ती ढकलल्यामुळे, आणि ढकलायला स्पर्श लागतो. मग ज्याला विस्तारच नाही ते मन शरीराला हलवते कसे? देकार्तने वजनाचे उदाहरण दिले. तिचे समाधान झाले नाही. निराकार वस्तू शरीराला हलवते असे मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असे मानणे मला सोपे वाटते, अशा अर्थाचे तिने पुन्हा कळवले. त्यावर देकार्तने सत्तामीमांसेसारख्या विषयांना आपण वर्षाकाठी काही तासच देतो असे लिहिले, ज्याला उत्तर म्हणणे कठीण आहे.

द्वैत सोडून सारे काही मेंदूच आहे असे म्हटले तर हा प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो : मेंदूतील पेशींचे सर्व व्यवहार तपशीलवार सांगून झाले तरी दुखण्याचा जो अनुभव असतो तो त्या वर्णनात कोठे आला? या विषयाच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा भेटणारी गोष्ट हीच आहे. फुकटचे उत्तर मिळत नाही. प्रत्येक भूमिका एक अडचण सोडवताना दुसरी पदरात घालते, आणि आपली भूमिका निवडणे म्हणजे कोणती अडचण बाळगायला आपण तयार आहोत हे जाणून घेणे.

ह्यूमने कार्यकारणभाव नाकारला, हे खरे का?

असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. जॉन लॉकने मन कोऱ्या कागदासारखे असते आणि त्यावरचे सगळे लिखाण अनुभवाचे असते असे मांडले होते. डेव्हिड ह्यूमने ही भूमिका गांभीर्याने घेतली आणि विचारले की मग ‘कारण’ ही कल्पना कोणत्या अनुभवातून आली? बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा सरकतो. पहिल्याची हालचाल दिसते, स्पर्श दिसतो, दुसऱ्याची हालचाल दिसते. या दोहोंना जोडणारी ‘अनिवार्यता’ कोठेही दिसत नाही. एकामागून एक असे अनेकदा घडल्याने मनाला सवय लागते आणि पहिले दिसताच ते दुसऱ्याची अपेक्षा करते. कारणे नाहीत असे तो म्हणत नाही. आपण जे अनिवार्य बंधन जगात पाहतो असे समजतो त्याचा उगम आपल्या मनात आहे, असे तो म्हणतो.

यातूनच विगमनाचा, म्हणजे आजवरच्या अनुभवावरून पुढचे अनुमान काढण्याचा, प्रश्न येतो. उद्या सूर्य उगवेल असे आपण मानतो, कारण आजवर तो उगवला आहे. पण भविष्य भूतकाळासारखेच असेल हे कशावरून? आजवर ते तसे असल्यावरून, असे म्हणणे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे. ह्यूम स्वतः यामुळे रात्रभर जागला नाही. मित्रांबरोबर जेवण आणि सोंगट्यांचा डाव झाला की या शंका विरघळतात, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. हा विचार मांडणारा त्याचा पहिला ग्रंथ १७३९-४० मध्ये निघाला तेव्हा कोणी फारसे विचारले नाही, आणि तो छापखान्यातूनच मृत जन्मल्याची खंत त्याने पुढे आत्मवृत्तात व्यक्त केली.

कांटने नेमके काय केले, आणि तो इतका कठीण का?

कठीण असण्याचे एक साधे कारण त्याची वाक्ये आहेत. दुसरे कारण असे की तो दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकदम सांभाळू पाहतो. ह्यूमने आपल्याला झोपेतून जागे केले असे म्हणणारा हा क्योनिग्सबर्गचा प्राध्यापक, शुद्ध बुद्धीच्या परीक्षणाचा आपला ग्रंथ १७८१ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी प्रसिद्ध करतो. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : आपले ज्ञान वस्तूंना अनुसरते असे आजवर मानले गेले, त्याऐवजी वस्तूच आपल्या ज्ञानाच्या आकारांना अनुसरतात असे मानून पाहू. अवकाश, काळ आणि कार्यकारण हे आकार अनुभवातून येत नाहीत. अनुभव शक्य व्हावा म्हणून ते आधीपासून असावे लागतात. त्यामुळे अनुभवाला येणाऱ्या प्रत्येक घटनेला कारण असणारच, आणि न्यूटनचे विज्ञान ह्यूमच्या शंकेपासून वाचते. किंमत अशी की हे सारे फक्त आपल्याला भासणाऱ्या जगाला लागू पडते. वस्तू स्वतः कशी आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही. आत्मा, ईश्वर आणि विश्वाची सुरुवात यांविषयीचे सिद्धांतही मग ज्ञानाच्या हद्दीबाहेर जातात. ही किंमत जास्त आहे असे त्याच्यानंतरच्या बहुतेक जर्मन तत्त्वज्ञांना वाटले.

ईश्वर आहे हे तर्काने सिद्ध करता येते का?

प्रयत्न पुष्कळ झाले. अकराव्या शतकात ॲन्सेल्मने मांडलेला युक्तिवाद सर्वांत अजब आहे : ज्याहून श्रेष्ठ काही कल्पिताच येत नाही तो ईश्वर, तो केवळ कल्पनेत असेल तर प्रत्यक्षातही असलेला त्याहून श्रेष्ठ कल्पिता येईल, म्हणून तो प्रत्यक्षात आहेच. गोनिलो नावाच्या त्याच्या समकालीन साधूने, याच रीतीने सर्वश्रेष्ठ बेटही सिद्ध करता येईल, असे लगेच दाखवून दिले. चूक नेमकी कोठे आहे हे सांगणे मात्र वाटते तितके सोपे नाही. कांटचे निदान असे की अस्तित्व हा वस्तूचा गुणधर्म नव्हे. कल्पनेतल्या शंभर थालरांत आणि खिशातल्या शंभर थालरांत, नाण्यांच्या संकल्पनेपुरता, काहीच फरक नसतो.

जगातल्या रचनेवरून रचनाकाराकडे जाणारा युक्तिवाद लोकांना अधिक पटतो. त्यावर ह्यूमच्या मरणोत्तर, १७७९ मध्ये निघालेल्या संवादांत सविस्तर टीका आहे, आणि १८५९ नंतर डार्विनमुळे सजीवांपुरता तरी त्याचा आधार गेला. उलट बाजूने सर्वांत जड आक्षेप दुःखाचा आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ऐन सणाच्या सकाळी, भूकंपाने लिस्बन शहर उद्ध्वस्त झाले. तेव्हा हे जग शक्य त्या जगांतले उत्तम जग आहे हा लायब्निझचा सिद्धांत व्होल्तेरच्या उपहासाचा विषय झाला.

योग्य काय आणि अयोग्य काय, हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे?

पाठ्यपुस्तके तीन कसोट्या देतात. जेरेमी बेंथम आणि जॉन स्टुअर्ट मिल यांच्या उपयुक्ततावादानुसार कृतीचे मोल तिच्या परिणामांवर, म्हणजे सर्वांच्या मिळून होणाऱ्या सुखदुःखावर ठरते. कांटनुसार ज्या नियमाने आपण वागतो तो सर्वांनीच पाळावा असे आपण सुसंगतपणे इच्छू शकतो का, आणि आपण समोरच्या माणसाला केवळ साधन म्हणून वापरत नाही ना, हे पाहायचे. ॲरिस्टॉटलचा प्रश्नच वेगळा होता : सुटी कृती बाजूला ठेवा, माणूस म्हणून चांगले जगणे कशाला म्हणतात आणि त्यासाठी अंगी कोणते गुण मुरावे लागतात? मला स्वतःला यातली तिसरी वाट जास्त माणसात असल्यासारखी वाटते, पण अडचणीच्या प्रसंगी आता नेमके काय करू असे विचारले तर ती बहुधा गप्प बसते, हेही खरे.

पहिल्या दोन कसोट्यांची परीक्षा टोकाच्या उदाहरणांनी होते. मित्र घरात लपला आहे आणि त्याचा खून करायला आलेला माणूस दारात उभा राहून ‘तो आत आहे का?’ असे विचारतो. १७९७ च्या एका लेखात कांटने येथेही खोटे बोलू नये असे ठामपणे लिहिले, आणि त्याचे चाहतेही तेथे त्याची साथ सोडतात. उलट, एका निरपराध माणसाला फाशी दिल्याने दंगल थांबून अनेकांचे जीव वाचत असतील तर उपयुक्ततावादी त्याला नाही कशाच्या बळावर म्हणणार, हा प्रश्न तितकाच बोचरा आहे.

मिलविषयी मराठी वाचकांना ठाऊक असावे असे काही आहे. तो १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता. त्याच्या विचारांचा गोपाळ गणेश आगरकरांवर मोठा प्रभाव होता. आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी मिल, स्पेन्सर, ग्रीन, कांट यांच्या नीतिविचारांची गीतेच्या कर्मयोगाशी तुलना करताना उपयुक्ततावाद अपुरा ठरवला. स्वातंत्र्यावरचा १८५९ चा मिलचा ग्रंथ मात्र सावधपणे वाचावा. ज्यांना तो ‘मागासलेले’ समाज म्हणतो त्यांना त्याने त्या स्वातंत्र्यातून वगळले आहे.

सर्व काही आधीच ठरलेले असेल तर गुन्हेगाराला शिक्षा का करायची?

१८१४ मध्ये लाप्लासने अशी कल्पना मांडली की विश्वातल्या प्रत्येक कणाची स्थिती आणि प्रत्येक बल जाणणाऱ्या बुद्धीला सारे भविष्य डोळ्यांसमोर दिसेल. मग माझा निर्णय माझा कसा? हॉब्ज आणि ह्यूम यांचे उत्तर असे की स्वातंत्र्य म्हणजे कारणांचा अभाव नव्हे. बळजबरी नसताना स्वतःच्या इच्छेप्रमाणे वागता येणे हेच स्वातंत्र्य, आणि ते नियतत्ववादाशी, म्हणजे सारे काही आधीच्या कारणांनी ठरलेले असते या मताशी, विसंगत नाही. यावर कांटने ही पळवाट असल्याचे म्हटले. परंतु विरुद्ध बाजूही सुखात नाही, कारण माझा निर्णय कशामुळेही ठरला नसेल तर तो निव्वळ योगायोग झाला, आणि योगायोगाची जबाबदारी माझ्यावर कशी येईल? शिक्षेचे समर्थन सुधारणा आणि धाक यांवरही करता येते. पण अपराध्याची ती ‘लायकीच’ होती असे म्हणायचे असेल तर हा वाद टाळता येत नाही.

‘ज्याचे त्याचे सत्य’ असे मानले तर हे सारे वाद मिटणार नाहीत का?

मिटणार नाहीत. प्रोटागोरसने हे मत अडीच हजार वर्षांपूर्वी मांडले, आणि प्लेटोचा आक्षेप आजही लागू आहे : ते मत खोटे आहे असे ज्यांना वाटते त्यांचे वाटणेही मग खरेच ठरते.

अडीच हजार वर्षे चर्चा करूनही निकाल का लागत नाही?

ज्या प्रश्नांचा निकाल लावण्याची पद्धत सापडली ते प्रश्न घर सोडून गेले, हे याचे एक कारण आहे. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथाच्या नावातही निसर्गाचे ‘तत्त्वज्ञान’ आहे; मानसशास्त्राची प्रयोगशाळा व्हिल्हेल्म वुंटने लाइपझिगला काढली ती १८७९ मध्ये. मागे राहिले ते चिवट प्रश्न. त्यांतही हाती काहीच लागले नाही असे नव्हे. ज्ञानाची तीन अटींची व्याख्या पुरेशी नाही, किंवा विगमनाचे समर्थन विगमनानेच करता येत नाही, हे आता बहुतेकांना मान्य आहे. कोणते उत्तर टिकत नाही आणि का टिकत नाही, एवढे निश्चित सांगता येणे ही लहान मिळकत नाही.

भारतीय दर्शनांशी याची तुलना करावी का?

जरूर करावी, पण ‘हे आपल्याकडे आधीच होते’ एवढे म्हणून थांबण्यासाठी करू नये. आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तर याचे उदाहरण गेटिअरच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे : तहानलेल्या माणसाला मृगजळ दिसते, तो तेथे धावतो आणि खडकाखाली खरोखरच पाणी सापडते. त्याला पाण्याचे ज्ञान होते का? तुलना करायची ती अशी, नेमक्या प्रश्नावर. महाराष्ट्रात अशा तुलनेचे एक जुने ठिकाण आहे. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले; तेथे वेदांत आणि कांट यांचा अभ्यास एकाच छपराखाली होत असे, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ तेथे काम करून गेले.

मराठीतून अभ्यास करता येईल का, आणि सुरुवात कशाने करावी?

पायाभूत अभ्यास मराठीतून करता येतो. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये सिद्ध झालेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश ग्रंथालयात मिळाल्यास हाताशी ठेवावा, आणि मे. पुं. रेगे यांचे लेखन मिळेल तेथून वाचावे. अवघड युक्तिवाद साध्या मराठीत कसा मांडायचा हे त्यावरून कळते. मूळ ग्रंथांपैकी प्लेटोचे ‘युथिफ्रो’, सॉक्रेटिसचे न्यायालयातील भाषण आणि ‘मेनो’, मग देकार्तची पहिली दोन चिंतने, मग ह्यूमचा १७४८ चा छोटा ग्रंथ, असा क्रम सोयीचा पडतो. कांट आणि हेगेल यांना पहिल्या वर्षी हात लावू नये. प्रत्येक परिच्छेदाचा निष्कर्ष शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि तो कोणत्या विधानांवर टेकला आहे ते समासात लिहावे; वेग फार मंदावतो, पण त्याला इलाज नाही.

प्लेटोच्या पुस्तकांच्या समासात छापलेले आकडे आणि अक्षरे कसली असतात?

ती पानसंख्या आहे, पण समोरच्या पुस्तकाची नव्हे. १५७८ मध्ये आंरी एस्तिएन या मुद्रकाने जिनिव्हा येथे प्लेटोचे समग्र ग्रंथ छापले. त्या आवृत्तीतल्या पानाचा आकडा आणि पानाचा भाग दाखवणारे अक्षर आजही प्रत्येक भाषांतरात देतात, म्हणजे भाषा आणि प्रकाशक कोणताही असला तरी सर्वांना एकच जागा सापडते. वर आलेला गुलाम मुलाचा प्रसंग ‘मेनो’त ८२ बी पासून पुढे आहे. ॲरिस्टॉटलसाठी १८३१ पासून निघालेल्या बर्लिन आवृत्तीचे आकडे वापरतात, आणि कांटच्या ग्रंथासाठी ए म्हणजे १७८१ ची पहिली आवृत्ती व बी म्हणजे १७८७ ची दुसरी. निबंधात संदर्भ देताना हेच आकडे द्यावेत. आपल्या हातातल्या प्रतीचे पान क्रमांक परीक्षकाच्या काहीच उपयोगाचे नसतात.